रोदोल्फ टॉप्फर : प्राध्यापक आणि चित्रकथाकार

चित्रकथा हा प्रकार जगभर लोकप्रिय असला तरी वाङ्मयाभ्यासाच्या क्षेत्रात त्याला अद्याप निःसंदिग्ध स्थान लाभलेले नाही. बालवाङ्मय, वृत्तपत्रीय करमणूक किंवा चित्रकलेची एक गौण शाखा अशा सदरांखालीच त्याची बोळवण केली जाते. या पार्श्वभूमीवर, आधुनिक चित्रकथेचे जनकत्व ज्याच्याकडे सामान्यतः दिले जाते तो जिनिव्हाचा रोदोल्फ टॉप्फर हा व्यवसायाने साहित्याचा अध्यापक होता, ही गोष्ट लक्षणीय ठरते. चित्रकथेला प्रतिष्ठित वाङ्मयात स्थान आहे की नाही, हा प्रश्न पुढे समीक्षकांना पडला. पण तो सर्वप्रथम तिच्या निर्मात्यालाच पडला होता. टॉप्फरचे चरित्र म्हणजे या प्रश्नाशी त्याने दीर्घकाळ घातलेली झुंज होय.

टॉप्फरचा जन्म ३१ जानेवारी १७९९ रोजी जिनिव्हा येथे झाला. त्या वेळी हे स्वतंत्र बाण्याचे नगर फ्रान्सच्या अंमलाखाली होते. ते स्विस संघराज्यात सामील झाले ते १८१५ मध्ये. त्याचे वडील व्होल्फगांग-अडाम टॉप्फर हे निसर्गचित्रकार म्हणून नावाजलेले होते. शिवाय राजकीय व्यंगचित्रेही ते काढीत. पित्याप्रमाणे आपणही चित्रकार व्हावे ही रोदोल्फची स्वाभाविक आकांक्षा होती. परंतु ऐन तारुण्यात त्याला नेत्रविकार जडला आणि चित्रकाराचा व्यवसाय त्याला कायमचा बंद झाला. १८१९ मध्ये तो पॅरिसला गेला. तेथे उपचारांबरोबरच त्याने अभिजात भाषांचे अध्ययन केले आणि अध्यापनाचा मार्ग पत्करून तो जिनिव्हाला परतला. १८२४ मध्ये ग्रीक वक्ता डिमॉस्थेनीस याच्या राजकीय भाषणांची त्याने संपादिलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. विवाहानंतर, याच सुमारास, त्याने मुलांसाठी स्वतःचे निवासी विद्यालय सुरू केले. १८३२ मध्ये जिनिव्हाच्या अकादमीत साहित्यशास्त्राचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. ही अकादमी १५५९ मध्ये कॅल्व्हिनने स्थापन केलेली होती. अशा संस्थेतील प्राध्यापकाकडून नगराच्या कोणत्या अपेक्षा असतील, याची कल्पना सहज करता येते.

चित्रकथांचा उगम मात्र अकादमीत नव्हे, तर विद्यालयात झाला. मोकळ्या वेळी मुलांच्या सहवासात टॉप्फर कागदावर एखादे विक्षिप्त पात्र रेखाटी आणि त्याच्यामागोमाग प्रसंगांची साखळी ओढीत नेई. १८२७ मध्ये त्याने ‘श्रीमान व्ह्यू ब्वा’ ही कथा अशीच रचली. प्रेमात आकंठ बुडालेला हा गृहस्थ निराश होऊन पुनःपुन्हा आत्महत्येचा प्रयत्न करतो आणि दर वेळी तो प्रयत्न फसतो. गळफासाची दोरीच लांब निघते. अशा प्रत्येक आपत्तीनंतर तो गंभीरपणे अंगातील सदरा तेवढा बदलतो. एकाच क्रियेच्या पुनरावृत्तीतून हास्य निर्माण करण्याचे हे तंत्र रंगभूमीला परिचित होते. परंतु चौकटींच्या क्रमातून ते साधणे ही टॉप्फरची स्वतंत्र उपलब्धी होय. त्यानंतर विद्वत्तेच्या प्रवासाला निघालेला डॉक्टर फेस्त्यूस, फुलपाखरांमागे धावणारा क्रिप्तोगाम, उच्चभ्रूंच्या मेजवानीत प्रतिष्ठितपणाची ऐट आणू पाहणारा झाबो अशी पात्रे १८२९ ते १८३१ या काळात आकाराला आली.

या वह्या हस्तलिखित स्वरूपात मित्रमंडळींत फिरत होत्या. वायमारच्या दरबारात राजपुत्राचा शिक्षक असलेल्या फ्रेडरिक सोरे या जिनिव्हाच्या विद्वानाने १८३०-३१ च्या सुमारास त्यांपैकी काही वृद्ध गटेला दाखविल्या. गटेला व्यंगचित्र हा प्रकार फारसा रुचत नसे. तरीही या कथांतील कल्पकतेने तो प्रसन्न झाला. कल्पनांची एकदम गर्दी होऊ नये म्हणून तो थोडीथोडीच पाने पाहत असे, अशी नोंद मिळते. लेखकाने याहून कमी उच्छृंखल विषय हाताळल्यास तो अपूर्व काही निर्माण करील, असा त्याच्या अभिप्रायाचा आशय होता. १८३२ मध्ये गटेच्या निधनानंतर त्याच्या नियतकालिकात या वह्यांविषयी मजकूरही प्रसिद्ध झाला.

युरोपातील सर्वश्रेष्ठ साहित्यिकाची पसंती मिळूनही टॉप्फरचा संकोच लगेच सरला नाही. १८३३ मध्ये ‘श्रीमान झाबो’ छापून तयार झाली. पण प्रती विक्रीस आल्या त्या १८३५ मध्ये. प्राध्यापकपदाची प्रतिष्ठा आणि हास्यकथेचे कर्तृत्व यांचा मेळ घालणे त्याला अवघड वाटत होते. १८३७ मध्ये ‘क्रेपँ’ आणि ‘व्ह्यू ब्वा’, तर १८४० मध्ये ‘पेन्सिल’ आणि ‘फेस्त्यूस’ अशा क्रमाने पुढील पुस्तके आली. यांपैकी ‘क्रेपँ’ विशेष अर्थपूर्ण आहे. अकरा मुलांचा पिता असलेला क्रेपँ एकामागून एक शिक्षक नेमतो. प्रत्येक शिक्षक आपल्या शिक्षणपद्धतीने मुलांना छळतो. त्यात डोक्याच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणारा एक कपालविद्यातज्ज्ञही अवतरतो. स्वतः विद्यालय चालविणाऱ्या अध्यापकाने केलेला हा उपहास अनुभवातून आलेला असल्यामुळेच भेदक झाला आहे.

टॉप्फरच्या मुद्रणतंत्राचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. शिळाछापाच्या नेहमीच्या रीतीत दगडावर उलटे रेखाटावे लागे. त्याऐवजी त्याने विशिष्ट प्रकारे तयार केलेल्या कागदावर स्निग्ध शाईने सरळ रेखाटून ते दगडावर उतरविण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे चित्राखालची ओळही त्याच्याच हस्ताक्षरात छापली जाई. शब्द आणि चित्र एकाच लेखणीतून, एकाच वेगाने उमटत. १८३७ मध्ये ‘झाबो’विषयी लिहिलेल्या टिपणात त्याने जो विचार मांडला तो या अनुभवावर आधारलेला आहे. शब्दांवाचून चित्रे संदिग्ध राहतात, चित्रांवाचून शब्द निरर्थक होतात आणि दोहोंच्या संयोगातून एक प्रकारची कादंबरी सिद्ध होते, असे त्याचे प्रतिपादन होते. चित्रे ही लिखित कथेची सजावट मानणाऱ्या काळात हा विचार नवीन होता. नेत्रदोषामुळे ज्याला रंग आणि तपशील यांचा नाद सोडावा लागला, त्याने तुटक आणि अस्थिर रेषेलाच अभिव्यक्तीचे साधन बनविले, ही गोष्टही दुर्लक्षिता येत नाही.

या चिंतनाची परिणती १८४५ च्या मुखाकृतिविज्ञानावरील निबंधात झाली. कशीही काढलेली मानवी मुखाची रेखाकृती काही ना काही भाव व्यक्त केल्यावाचून राहत नाही, हे त्याने त्यात दाखवून दिले. कलासमीक्षक अर्न्स्ट गोम्ब्रिख यांनी १९६० मध्ये या निरीक्षणाला टॉप्फरचा नियम असे संबोधून त्याचे महत्त्व अधोरेखित केले. त्याच निबंधात टॉप्फरने चित्रांतून सांगितलेल्या कथेला वाङ्मयाचाच एक प्रकार मानले आणि मुले व सामान्यजन यांच्यावर तिचा प्रभाव विशेष पडतो हे आवर्जून नोंदविले. एकेकाळी आपली पुस्तके दडवून ठेवणारा लेखक आता त्यांचा शास्त्रकार झाला होता.

समकालीनांनी मात्र त्याला मुख्यतः गद्यलेखक म्हणून गौरविले. ‘माझ्या काकांचे ग्रंथालय’ ही कथा, जिनिव्हाच्या कथांचा संग्रह, विद्यार्थ्यांसह आल्प्समध्ये केलेल्या पायी सहलींचे १८४४ मधील सचित्र वर्णन यांना मोठा वाचकवर्ग लाभला. सेंत-बव्हसारख्या समीक्षकाने १८४१ मध्ये पॅरिसच्या वाचकांना त्याचा परिचय करून दिला. दरम्यान, चित्रकथांचा प्रसार चौर्यमार्गाने होत राहिला. पॅरिसच्या ओबेर या प्रकाशनसंस्थेने १८३९ मध्ये त्यांच्या नकला काढल्या. ‘व्ह्यू ब्वा’ची इंग्रजी आवृत्ती १८४१ मध्ये लंडनला आणि १८४२ मध्ये न्यूयॉर्कला निघाली. अमेरिकेतील चित्रकथा-पुस्तकांचा आरंभ अनेक अभ्यासक या आवृत्तीपासून मानतात.

अखेरच्या वर्षांत टॉप्फरच्या हास्याचा स्वर पालटला. १८४१ च्या राजकीय उलथापालथीनंतर तो सनातनी पक्षाच्या बाजूने वृत्तपत्रीय वादात उतरला. १८४५ मधील ‘अल्बेर’ ही चित्रकथा त्याने टोपणनावाने प्रसिद्ध केली. अनेक धंदे करून पाहून शेवटी चिथावणीखोर पत्रकार होणाऱ्या तरुणाची ही कथा जहाल पक्षाचा पुढारी जेम्स फाझी याच्यावर रोखलेली होती. व्ह्यू ब्वाच्या वेडेपणात लेखकाला त्याच्याविषयी जी माया वाटते, ती अल्बेरच्या वाट्याला येत नाही. येथे उपहास आहे; परंतु सहानुभूतीचा ओलावा आटलेला आहे. पक्षनिष्ठेने विनोदाचे क्षेत्र कसे आकुंचित होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

८ जून १८४६ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, टॉप्फर निधन पावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फाझीच्या नेतृत्वाखाली जहाल पक्षाने जिनिव्हाची सत्ता हाती घेतली. ज्या व्यवस्थेच्या रक्षणासाठी त्याने आपली लेखणी झिजविली ती अशा रीतीने त्याच्या पश्चात काही महिन्यांतच कोसळली. त्याच्या कादंबऱ्यांचा वाचकवर्गही काळाच्या ओघात ओसरला. उरल्या त्या वर्गाबाहेरच्या फावल्या वेळात मुलांसाठी काढलेल्या वह्या. अभ्यासविषयाच्या सीमा ठरविताना प्रतिष्ठेचा निकष किती अपुरा पडतो, हे टॉप्फरच्या जीवनक्रमातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल. वाङ्मयाच्या प्राध्यापकाने जे वाङ्मय म्हणून पुढे ठेवण्यास संकोच केला, त्यातूनच एक नवा वाङ्मयप्रकार जन्मास आला.