आजचे मनन : ज्यांनी प्रार्थना केली, त्याच निघाल्या (पंडिता रमाबाई)

आजचे वाचन : मत्तय ९:३५ ते १०:८



आजचा उतारा आपण मिशनच्या सभेत नेहमी ऐकतो. पण बहुतेक वेळा तो नवव्या अध्यायाच्या शेवटी थांबवला जातो. पीक उभं आहे, काढायला हात कमी आहेत, म्हणून शेताच्या धन्याकडे माणसं मागा, असं प्रभू शिष्यांना सांगतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सोयाबीन काढणीला आलं, वर आभाळ भरून आलं आणि मजूर मिळेना, म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाची काय घालमेल होते ते आपण दरवर्षी बघतो.

पण पान उलटून दहावा अध्याय वाचा. ज्यांना प्रभूने प्रार्थना करायला सांगितलं, त्यांनाच तो नावं घेऊन बोलावतो आणि गावोगाव पाठवतो. माणसं पाठव अशी प्रार्थना करणारेच पाठवले जातात. याचं आपल्या महाराष्ट्रात घडलेलं एक उदाहरण आज पाहू या. ते म्हणजे पंडिता रमाबाई आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या त्यांच्या मुली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बाईमाणसाला संस्कृत शिकवायचं नाही असा तो काळ, पण त्यांनी बायकोला शिकवलं आणि पुढे आईने रमेला शिकवलं. हे कुटुंब घर मोडून तीर्थयात्रेला निघालं. देवळात नाहीतर नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर भागवायचं. पुढे दुष्काळ पडला. वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, मग थोरली बहीणही गेली. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघं भुकेले, पायी देश तुडवत राहिले. दुष्काळ म्हणजे काय हे रमाबाईंना स्वतःच्या पोटाने कळलं होतं. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

१८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचं लग्न झालं. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या सुरुवातीला पती पटकीने गेले. चोविसाव्या वर्षी विधवा, कडेवर तान्ही मुलगी, जवळचं कुणी नाही. त्या पुण्याला आल्या आणि तिथे आर्य महिला समाज सुरू केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायची इच्छा होती, पण कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे तो रस्ता बंद झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे आई आणि लेक दोघींचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. ख्रिस्ती धर्म आपण घेतला, पण खुद्द ख्रिस्त आपल्याला अजून भेटलेला नाही, हे त्यांना आठेक वर्षांनी उमगलं. मंडळीत जन्मलेल्या आपल्यासारख्यांनी इथे जरा थांबावं. नाव रजिस्टरात असणं आणि प्रभूशी ओळख असणं या दोन गोष्टी आहेत, आणि रमाबाईंसारख्या विदुषीलाही त्यातला फरक कळायला वर्षं लागली.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि हिंदुस्थानातल्या विधवांची स्थिती तिथल्या लोकांपुढे मांडली. तिथल्या मदतीतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. सदनात कुणाच्या धर्माला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. गावात बोभाटा झाला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद आपण नुसता एका बाजूने सांगू नये. विश्वासाने मुली सोपवलेल्या पालकांची काळजी खरी होती, आणि माझी प्रार्थना मी लपवणार नाही हा रमाबाईंचा आग्रहही खरा होता. आज मिशनच्या कामाला निघणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पुन्हा सोडवावा लागतो. श्रद्धा लपवायची नाही, आणि दिलेल्या भाकरीला अटही लावायची नाही. प्रभूने शिष्यांना पाठवताना हेच बजावलं आहे. तुम्हाला फुकट मिळालंय, तसंच द्या, असा त्या आठव्या वचनाचा अर्थ.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून भयंकर बातम्या येत होत्या. रमाबाईंना आपलं बालपण आठवलं आणि त्या निघाल्या. त्यांनी मदत छावण्या पाहिल्या, रस्त्याकडेला पडलेली हाडांची माणसं पाहिली. अनाथ आणि टाकून दिलेल्या मुली बरोबर घेतल्या. तीनशे मुलींना आसरा द्यायचा असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्या वेळी पुण्यात प्लेग होता. नव्या मुलींना शहरात ठेवायची परवानगी मिळेना. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन फळझाडं लावली होती. फळांच्या विक्रीतून सदनाचा खर्च निघावा हा हिशेब. त्या शेतात झोपड्या उभ्या राहिल्या, आणि तिथेच मुक्तीचं काम वाढलं.

१८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ. या वेळी गुजरात आणि राजपुतान्याकडे त्यांनी आपली माणसं पाठवली. थोड्याच काळात मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्या पोरींना रोज दोन वेळा जेवायला घालायचं म्हणजे काय, याचा विचार करा. विहिरी खोदल्या, शेती केली, गाईगुरं पाळली. विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं मुलींनी शिकून घेतलं. आंधळ्या मुलींसाठी बार्तीमी सदन होतं आणि मनोरमा त्यांना ब्रेल लिपी शिकवत असे. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या आणि अपंगांसाठी प्रीती सदन. मधोमध मोठं चर्च उभं राहिलं. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने, मग दळण, शाळा, शेत, माग. मंडळीचं जीवन तिथे रविवारच्या दोन तासांत मावत नव्हतं.

आता १९०५ कडे येऊ या. जानेवारीत रमाबाईंनी संजीवनासाठी प्रार्थना करायला कोण येईल असं विचारलं. सत्तर जणी पुढे आल्या. रोज एकत्र जमून प्रार्थना सुरू झाली आणि जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली. तेव्हा रमाबाईंनी दुसरा प्रश्न विचारला. शाळेचा अभ्यास बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? तीस मुली उभ्या राहिल्या. त्या मुली जायची तयारी म्हणून रोज प्रार्थनेला जमत होत्या, आणि त्यांच्यातच २९ जूनच्या पहाटे संजीवन सुरू झालं. मुली रडून पापं कबूल करू लागल्या. पुढचे कितीतरी दिवस नेहमीचे वर्ग बाजूला राहिले. लोक १९०५ चं संजीवन म्हटलं की ते रडणं आणि त्या मोठ्याने केलेल्या प्रार्थना आठवतात. पण क्रम बघा. आधी सहा महिने रोजची प्रार्थना, मग जायची तयारी आणि त्यानंतर संजीवन. पुढे मुक्तीतल्या मुलींचे गट आळीपाळीने खेड्यांत जात राहिले. एक गट बाहेर, बाकीच्या मागे राहून त्यांच्यासाठी नावं घेऊन प्रार्थना करणार.

त्या मुली कोण होत्या? आठ-दहा वर्षांपूर्वी कुणाला छावणीतून उचललं होतं, तर कुणाचे आईबाप डोळ्यांदेखत उपासमारीने गेले होते. ज्यांना दुसऱ्याने वाचवलं, त्या आता निघाल्या होत्या. खेड्यातल्या बाईसमोर बसून भूक म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागणार नव्हतं. मिशनच्या कामाला पैसा, गाडी, माइक लागतो असं आपण समजतो. या मुलींजवळ अंगावरचं लुगडं आणि स्वतःची साक्ष एवढंच होतं.

या खेड्यातल्या बायकांना कळेल असं पवित्र शास्त्र हवं, म्हणून रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतलं. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण शास्त्राचं साध्या मराठीत भाषांतर केलं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. संस्कृत सभा गाजवलेल्या बाईने आयुष्याची शेवटची अनेक वर्षं सोपं लिहिण्यात घालवली.

आपल्या जिल्ह्याच्या जवळची एक गोष्ट सांगतो. १९१२ मध्ये रमाबाईंनी गुलबर्ग्याला ख्रिस्ती शाळा काढली आणि मनोरमा तिची मुख्याध्यापिका झाली. गुलबर्गा आणि आपला जिल्हा तेव्हा एकाच निजाम राज्यात होते. आजही उमरग्याहून आळंदमार्गे आपली माणसं तिकडे जा-ये करतात. केडगावच्या स्टेशनातून निघणारा लोहमार्ग दौंड, सोलापूर करत गुलबर्ग्यालाच जातो. म्हणजे केडगावची मंडळी नुसती शेजारच्या चार खेड्यांवर थांबली नाही. शिक्षण कमी होतं अशा मुलखात शाळा घेऊन गेली आणि आईने त्या कामाला आपली एकुलती एक लेक दिली.

ती लेक जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. मुक्तीचं काम पुढे जिने सांभाळायचं, तीच गेली. रमाबाई खचल्या असतीलच, पण भाषांतराची मुद्रितं तपासणं त्यांनी सोडलं नाही. ते काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्या प्रभूच्या घरी गेल्या. मुक्ती मिशन केडगावला आजही सुरू आहे.

प्रियांनो, आता आपल्याकडे पाहू या. उन्हाळ्यात किंवा नाताळाच्या आधी आपले तरुण संघ सुवार्तेच्या दौऱ्यावर जातात. जीप ठरते, पत्रकं छापतात, फोटो निघतात. जावं, जरूर जावं. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे सास्तूर, लोहारा, किल्लारी भाग हादरला तेव्हा बाहेरून किती अनोळखी हात मदतीला आले, हे आपला जिल्हा विसरलेला नाही. कुणीतरी निघालं म्हणून ढिगाऱ्याखालची माणसं बाहेर आली. ज्यांना असं मिळालंय त्यांच्यावर निघायची जबाबदारी जास्त आहे.

पण जाण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा.

पहिली, आपण ज्या गावाला जाणार त्या गावासाठी किती दिवस प्रार्थना केली? मुक्तीत सहा महिने केली होती.

दुसरी, आपल्याच मंडळीतल्या आजारी आजीकडे, दारू सुटत नसलेल्या भावाकडे, ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या मागे राहिलेल्या लेकरांकडे आपण गेलो का? मुक्तीच्या मुली आधी आपल्याच सदनातल्या आंधळ्या आणि लुळ्या बहिणींची सेवा करत होत्या. घरात सवय नाही ते बाहेर जमत नाही.

तिसरी, जे जाऊ शकत नाहीत त्यांना आपण कामात धरलं का? तीस गेल्या, पण शेकडो मागे राहून प्रार्थना करत होत्या, दळत होत्या, विणत होत्या. दौऱ्याला न गेलेली म्हातारी बाई नावं घेऊन प्रार्थना करते, तेव्हा तीही त्या दौऱ्यात असते. परत आल्यावर आधी तिच्याकडे जाऊन काय घडलं ते सांगा.

आज रात्री घरच्या प्रार्थनेत आपल्या तालुक्यातल्या एका गावाचं नाव घ्या. रोज घेत राहा. प्रभू एक दिवस तुम्हालाच तिकडे जायला सांगेल, याची तयारी ठेवा.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, पीक तुझं आहे आणि आम्हीही तुझे आहोत. ज्या दुःखातून तू आम्हाला काढलंस, त्याच दुःखात असलेल्यांकडे आम्हाला पाठव. जाणाऱ्यांना नम्र ठेव आणि मागे राहणाऱ्यांना जागं ठेव. आमच्या मदतीला अट नसावी आणि आमच्या साक्षीला लाज नसावी. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.