संत लोरेन्सो रुईझ : परदेशी निघालेल्यांचे आश्रयदाते

दरवर्षी २८ सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा संत लोरेन्सो रुईझ व त्यांच्या सोबत्यांचा सण साजरा करते. आपल्याकडे हे नाव फारसे कानावर पडत नाही. पण आखातातील एखाद्या चर्चमध्ये शुक्रवारच्या मिस्साला गेलेल्या किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या आपल्या माणसांना विचारावे. शेजारच्या बाकावर बसलेल्या फिलिपिनो कुटुंबाच्या तोंडून त्यांनी हे नाव हमखास ऐकलेले असते. लोरेन्सो हे फिलिपाईन्सचे पहिले संत. ते धर्मगुरू नव्हते, संन्यासी नव्हते. ते लेखनिक होते, पती होते आणि तीन मुलांचे वडील होते. कामाधंद्यासाठी मायदेश सोडणारे लाखो फिलिपिनो त्यांना आपले आश्रयदाते मानतात. असे का, हे त्यांच्या चरित्रावरून उमगते.

लोरेन्सो यांचा जन्म इ. स. १६०० च्या सुमारास मनिला शहरालगतच्या बिनोंदो या वस्तीत झाला. चीनमधून येऊन ख्रिस्ती झालेल्या लोकांसाठी स्पॅनिश गव्हर्नरने १५९४ साली ही वस्ती वसवली होती. लोरेन्सो यांचे वडील चिनी होते व आई तागालोग. म्हणजे ज्यांना आज सारे जग फिलिपिनो स्थलांतरितांचे संत म्हणून ओळखते, ते स्वतःच एका स्थलांतरिताच्या घरी जन्मले होते. त्या काळी मनिला हे व्यापाराचे मोठे बंदर होते. स्पॅनिश, चिनी, जपानी, पोर्तुगीज अशा अनेक देशांची माणसे तेथे पोटासाठी येत. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यावर १६१४ साली हद्दपार झालेले जपानी ख्रिस्ती सरदार ताकायामा उकोन यांनाही मनिलानेच आसरा दिला होता.

बिनोंदोच्या धर्मग्रामाची जबाबदारी डोमिनिकन संघाच्या धर्मगुरूंकडे होती. बालपणी लोरेन्सो तेथे वेदीसेवक होते. धर्मगुरूंच्या हाताखाली ते स्पॅनिश शिकले. चिनी व तागालोग या भाषा तर त्यांना घरातूनच मिळाल्या होत्या. त्यांचे अक्षर सुंदर होते. पुढे धर्मग्रामाच्या नोंदवह्या व कागदपत्रे लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. आजच्या भाषेत सांगायचे तर ते एक कुशल कर्मचारी होते. पवित्र जपमाळेच्या बंधुसंघाचे ते सभासद होते. रोझारियो नावाच्या स्त्रीशी त्यांचा विवाह झाला व त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. हातात कला, घरात समाधान, चर्चमध्ये मान, असा त्यांचा संसार चालला होता.

१६३६ साली या संसारावर आघात झाला. एका स्पॅनिश माणसाच्या हत्येच्या प्रकरणात लोरेन्सो यांचे नाव गोवले गेले. परक्या सत्तेच्या न्यायालयात एका सामान्य, मिश्र वंशाच्या माणसाची बाजू कोण ऐकणार? फाशी होईल, या भीतीने त्यांनी देश सोडण्याचे ठरवले. त्याच सुमारास डोमिनिकन धर्मगुरूंचा एक छोटा गट गुप्तपणे समुद्रप्रवासाची तयारी करत होता. त्यात फादर अंतोनियो गोन्झालेझ, फ्रान्सचे फादर गिलॉम कोर्ते, फादर मिगेल दे आओझाराझा व जपानचे फादर विसेंते शिओझुका दे ला क्रूझ हे होते. कुष्ठरोगामुळे मायदेशातून बाहेर पडलेले क्योटोचे लाझारो हे जपानी प्रापंचिकही त्यांच्यासोबत होते. लोरेन्सो यांनी आश्रय मागितला आणि धर्मगुरूंनी त्यांना जहाजात घेतले. १० जून १६३६ रोजी जहाजाने मनिला सोडले. पत्नी व मुले किनाऱ्यावरच राहिली. त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

जहाज जपानकडे चालले आहे हे लोरेन्सो यांना समुद्रात गेल्यावर समजले, असे त्यांची चरित्रे सांगतात. त्यावेळचा जपान म्हणजे ख्रिस्ती माणसासाठी साक्षात मृत्यूचे दार होते. १६१४ पासून तेथे ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. १६३५ च्या फर्मानाने जपानी लोकांना देशाबाहेर जाण्यास व बाहेरून परत येण्यास मनाई झाली होती. धर्मगुरूंना शोधून काढणाऱ्यांस बक्षिसे दिली जात. अशा देशात लोरेन्सो निघाले होते. तेथील भाषा येत नव्हती, ओळखीचे कोणी नव्हते, हाती कागद नव्हता, तयारी तर काहीच नव्हती. मकाव किंवा दुसऱ्या एखाद्या बंदरात उतरून लेखणीवर पोट भरावे, एवढीच त्यांची साधी अपेक्षा असावी.

जुलै १६३६ मध्ये जहाज आजच्या ओकिनावा बेटाला लागले आणि सर्वांना अटक झाली. एक वर्षाहून अधिक काळ ते तेथे कैदेत होते. सप्टेंबर १६३७ मध्ये त्यांना दोन गटांत नागासाकीला नेण्यात आले. लोरेन्सो, फादर गोन्झालेझ व लाझारो यांचा गट २१ सप्टेंबरला तेथे पोहोचला. चौकशी सुरू झाली, त्यापाठोपाठ पाण्याचा छळ सुरू झाला. लाझारो व फादर विसेंते त्या छळापुढे काही काळ डळमळले, पण सोबत्यांच्या धीराने पुन्हा स्थिर झाले.

लोरेन्सो यांच्याही जीवनात तो क्षण आला. धर्म सोडला तर प्राण वाचतील का, अशी विचारणा त्यांनी दुभाष्याकडे केली. ही गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही, कारण ख्रिस्तसभेनेही ती झाकलेली नाही. घरी बायकामुले असलेल्या माणसाच्या मनात हा प्रश्न येणार नाही तर कोणाच्या? दुभाष्याने स्पष्ट उत्तर दिले नाही. त्यानंतर न्यायाधीशांसमोर उभे राहिल्यावर मात्र लोरेन्सो यांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, आपण ख्रिस्ती आहोत आणि मरेपर्यंत ख्रिस्तीच राहू. तेथून पुढे ते मागे हटले नाहीत. गेथसेमनी बागेत प्रभू येशूनेही दुःखाचा प्याला दूर व्हावा अशी प्रार्थना केली होती, हे येथे आठवते. भीती वाटणे म्हणजे श्रद्धा नसणे नव्हे.

फादर गोन्झालेझ यांनी २४ सप्टेंबर रोजी तुरुंगातच प्राण सोडला. २७ सप्टेंबर रोजी उरलेल्यांना नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर नेण्यात आले व खड्ड्यावर उलटे टांगण्यात आले. हा छळ माणूस लवकर मरू नये व त्याने धर्म सोडावा यासाठीच योजलेला होता. एक शब्द उच्चारला असता तरी सुटका होती. लोरेन्सो यांनी तो उच्चारला नाही आणि टांगलेल्या अवस्थेतच त्यांचा अंत झाला. २९ सप्टेंबर रोजी जे धर्मगुरू अद्याप जिवंत होते, त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. सर्वांचे देह जाळून राख समुद्रात टाकण्यात आली. मनिलातील त्या कुटुंबाला फुले वाहण्यासाठी थडगेही राहिले नाही.

निशिझाका टेकडीचे नाव वसईकरांना नवे नाही. याच टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, म्हणजे लोरेन्सो यांच्या चाळीस वर्षे आधी, आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना क्रुसावर खिळण्यात आले होते. गोन्सालो वसईतून जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली, व्यापार केला, पुढे मनिलाला येऊन ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते मनिलाहूनच पुन्हा जपानला गेले. एक वसईकर मनिलामार्गे जपानला गेला आणि एक मनिलाकर ओकिनावामार्गे. दोघांचे रक्त एकाच टेकडीवर सांडले. एकाला त्या देशाची भाषा अवगत होती, दुसऱ्याला दुभाष्यावाचून बोलता येत नव्हते. दोघांची साक्ष मात्र एकच होती.

परमगुरूस्वामी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १८ फेब्रुवारी १९८१ रोजी खुद्द मनिलामध्ये लोरेन्सो यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. असा विधी रोमबाहेर होण्याची आधुनिक काळातील ही पहिलीच वेळ होती. १८ ऑक्टोबर १९८७ रोजी रोममध्ये त्यांना आणि १६३३ ते १६३७ या काळातील त्यांच्या पंधरा सोबत्यांना संतपद बहाल करण्यात आले. ज्या बिनोंदोच्या चर्चमध्ये ते नोंदी लिहीत, ते आज त्यांच्याच नावाचे राष्ट्रीय तीर्थस्थान आहे.

आता आपण आजच्या फिलिपाईन्सकडे वळू. १९७४ च्या कामगार संहितेपासून त्या देशाने परदेशातील नोकरीला सरकारी धोरणाचे रूप दिले. परिचारिका, खलाशी, वेल्डर, अभियंते, वृद्धांची शुश्रूषा करणारे कर्मचारी असे कुशल हात तेथून जगभर जातात. २०२३ साली या माणसांनी बँकांमार्फत मायदेशी पाठवलेली रक्कम ३३ अब्ज डॉलरहून अधिक होती. कटू अनुभवांतून त्या देशाने तयारीचे महत्त्व ओळखले. परदेशी कामगारांच्या संरक्षणासाठी १९९५ साली कायदा झाला आणि २०२१ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र मंत्रालय उभे राहिले. कायमचे स्थायिक होण्यासाठी निघालेल्यांकरिता १९८० साली स्थापन झालेला वेगळा आयोग आहे. निघण्यापूर्वी त्यांना मार्गदर्शन वर्गाला बसावेच लागते. नव्या देशातील कायदे, चालीरीती, नोकरी, सामाजिक सुरक्षा, आपले हक्क व कर्तव्ये यांची माहिती तेथे दिली जाते.

आणखी एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. जपान व फिलिपाईन्स यांच्यातील करार २००८ च्या अखेरीस अमलात आला आणि २००९ पासून फिलिपिनो परिचारिका व शुश्रूषा कर्मचारी त्या कराराखाली जपानला जाऊ लागले. त्यांना महिनोन् महिने जपानी भाषा शिकावी लागते आणि तेथे कायम राहायचे तर जपानी भाषेतूनच राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ज्या देशाने एका फिलिपिनो लेखनिकाला खड्ड्यावर टांगले, त्याच देशातील वृद्धांना आज त्यांची लेकरे हात धरून उठवतात, भरवतात, अंघोळ घालतात. तेथील अनेक चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला फिलिपिनो श्रद्धावंतांमुळे बाके भरलेली दिसतात. सूड घेण्याची याहून ख्रिस्ती रीत कोणती असू शकेल?

आपल्या धर्मग्रामांतूनही तरुणतरुणी परदेशी जात आहेत. व्हिसा, पदवीची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा, वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला या सर्व गोष्टींची तयारी ती काटेकोरपणे करतात. ती करायलाच हवी. लोरेन्सो यांच्यावर अज्ञात देशी जाण्याची पाळी संकटाने आणली. आपल्या मुलांवर ती निष्काळजीपणामुळे येऊ नये. करारात काय लिहिले आहे, दलाल नोंदणीकृत आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय कोणी घर किंवा दागिने गहाण टाकू नयेत.

पण ही तयारी पूर्ण नव्हे. नव्या गावी चर्च कोठे आहे, तेथे कोणाला भेटावे, हे आपण त्यांना सांगतो का? आल्या आल्या हाताला येईल ते काम करावे लागले, शिकलेल्या विद्येला वर्षभर कोणी विचारले नाही, तर मन खचू नये म्हणून त्यांना कोणी धीर दिलेला असतो का? आणि मागे राहिलेल्या रोझारियोची, तिच्या मुलांची विचारपूस कोण करते? येथे आम्हा धर्मगुरूंनीही आपल्या मनाला विचारले पाहिजे. पासपोर्टवर पवित्र पाणी शिंपडून निरोप देणे आम्हाला सोपे वाटते. निघणाऱ्याला जवळ बसवून तासभर बोलणे आणि त्याच्या घरी महिन्याने जाऊन येणे याला वेळ काढावा लागतो. पोप पायस बारावे यांनी १९५२ साली परागंदा कुटुंबांविषयीच्या आपल्या प्रेषितीय संविधानात स्थलांतरितांची आध्यात्मिक काळजी ही ख्रिस्तसभेची जबाबदारी असल्याचे स्पष्ट केले होते. ती जबाबदारी पोहोचण्याच्या ठिकाणाइतकीच निघण्याच्या ठिकाणाचीही आहे.

लोरेन्सो यांनी मनिला सोडली तेव्हा त्यांच्याजवळ काहीच नव्हते, असे आम्ही वर म्हटले. ते पूर्णांशाने खरे नाही. आईने शिकवलेली प्रार्थना, बंधुसंघात रोज जपलेली जपमाळ आणि वेदीजवळ घालवलेले बालपण त्यांच्यासोबत होते. परक्या न्यायालयात, परक्या भाषेत, सर्व आधार तुटल्यावर तेवढेच कामी आले. ते सामान ऐन प्रवासाच्या दिवशी भरता येत नाही. ते घरात, लहानपणापासून, रोज थोडे थोडे भरावे लागते.

येत्या २८ सप्टेंबरला आपल्या कुटुंबातील, शेजारातील जे कोणी दूर देशी आहेत, त्यांची नावे घेऊन एक जपमाळ अर्पण करूया. जे निघण्याच्या तयारीत आहेत, त्यांना संत लोरेन्सो रुईझ व आपले संत गोन्सालो गार्सिया यांच्या हाती सोपवूया. प्रभू त्यांच्या जाण्यायेण्याचे रक्षण करो.