काचेच्या पात्रातले तळे

काचेच्या पेटीत पोहणारे रंगीत मासे तुम्ही पाहिले असतील. त्या पेटीतले पाणी पुन्हा पुन्हा बदलावेच लागते, असे पुष्कळांना वाटते. पण पाणी न बदलताही मासे महिनोन्महिने सुखाने जगू शकतात, हे एका इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले. त्यांचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन.

वॉरिंग्टन यांचा जन्म १८०७ साली इंग्लंडमधील शीरनेस या बंदराच्या गावी झाला. शालेय शिक्षणानंतर त्यांनी लंडनमध्ये रसायनशास्त्राच्या एका शिक्षकाकडे उमेदवारी केली. १८४१ साली लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञांची संस्था स्थापन झाली, तीही मुख्यतः त्यांच्याच खटपटीने. पुढच्या वर्षी औषधे तयार करणाऱ्या एका जुन्या संस्थेत त्यांना रसायनज्ञाची जागा मिळाली.

मासे पाण्यातील प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. हिरव्या वनस्पती उजेडात याच्या उलट करतात. हे शास्त्रज्ञांना तोवर ठाऊक झाले होते. मग दोघांना एकत्र ठेवले, तर ते एकमेकांना जगवतील का? वॉरिंग्टन यांनी ही गोष्ट प्रत्यक्ष करून पाहायचे ठरवले.

१८४९ साली त्यांनी काचेचे एक मोठे पात्र घेतले. त्यात सुमारे पन्नास लिटर पाणी मावत असे. तळाशी वाळू, चिखल आणि दगड घालून त्यांनी ते झऱ्याच्या पाण्याने अर्धे भरले. त्यात व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती लावली. तिची पाने फितीसारखी लांब असतात. मग दोन लहान सोनेरी मासे सोडून पात्राचे तोंड पातळ मलमलीने झाकले.

सुरुवातीला सारे ठीक चालले. पण काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली. पाणी गढूळ झाले. काचेवर हिरवे शेवाळ चढले. मासे मरतील अशी भीती निर्माण झाली. दुसरा कोणी असता, तर त्याने पात्र रिकामे करून प्रयोग सोडून दिला असता. वॉरिंग्टन यांनी मात्र विचार केला, की तळ्यातही पाने कुजतात, मग तळ्याचे पाणी स्वच्छ कसे राहते? तेथे कुजलेली पाने खाणारे कोणीतरी असले पाहिजे.

त्यांनी तळ्यातल्या पाचसहा गोगलगायी आणून पात्रात सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने आणि शेवाळ खाऊन टाकले. पाणी पुन्हा स्वच्छ झाले. गोगलगायींची अंडी आणि पिले माशांना खायला मिळू लागली. मासे आणि वनस्पती या दोघांच्या जोडीला तिसऱ्याची गरज होती, आणि तो तिसरा जीव अगदी साधा, कोणाच्या नजरेत न भरणारा होता.

१८५० साली वॉरिंग्टन यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी आलेली अडचणही लपवली नाही. पुढे खाऱ्या पाण्यातही त्यांनी असेच प्रयोग केले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले.

१८६७ साली वॉरिंग्टन यांचे निधन झाले. त्यांच्या पात्रात आणखी एक मदतनीस काम करत होता, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो. वाळूतले सूक्ष्म जीव त्याचे रूपांतर वनस्पतींच्या अन्नात करतात. हे काम दोन टप्प्यांत होते आणि प्रत्येक टप्प्याचे सूक्ष्म जीव वेगळे असतात, हे पुढे ज्याने दाखवले तो शास्त्रज्ञ त्यांचाच मुलगा होता. त्याचे नावही रॉबर्टच. तो शेतातल्या मातीचा अभ्यास करत होता.

आजही कित्येक लोक यंत्राशिवाय असे छोटे तळे काचेत सांभाळतात. गोगलगायींबरोबर ते गोड्या पाण्यातले बारीक झिंगेही ठेवतात. झिंगे दिवसभर शेवाळ आणि कुजकी पाने वेचून खातात. वनस्पती भरपूर, जीव थोडे आणि अन्न बेताचे, एवढे पथ्य पाळावे लागते. तुम्ही असे तळे केलेत आणि एखाद्या दिवशी त्यातले पाणी गढूळ झाले, तर ते लगेच ओतून देऊ नका. येथे कोण कमी आहे, हे आधी पाहा.