नाव पटावर, जागा गोणपाटावर

साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला एक नाव चढले : भिवा रामजी आंबेडकर. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. माझी उमेद खातेवह्यांत गेली, म्हणून सांगतो, वहीत भेद नसतो. नाव, तारीख, सही. रकाने सर्वांना तेच. भेद सुरू व्हायचा तो वही मिटल्यावर.

नऊ वर्षांचा भिवा वर्गात वेगळा बसे, गोणपाटाच्या तुकड्यावर. तो तुकडा रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा. कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. तहान लागली की इतर मुले गुरुजींना विचारून नळावर जात. भिवाला तेवढ्याने भागत नसे. त्याच्यासाठी नळ सोडायला शिपाईच लागे. शिपाई नसला, की पाणी नाही. बाबासाहेबांनी हे सारे पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. आई १८९६ मध्येच गेलेली. न्हावी केसांना हात लावीत नसे, म्हणून थोरली बहीण भावाचे केस कापी. सरावाने तिचा हात चांगलाच बसला होता.

त्याच वर्गात बाकीची मुलेही शिकत होतीच की! कोणाचे गणित कच्चे राहिले असेल, कोणाचा भूगोल. हा धडा मात्र पक्का होत होता.

पुढे रामजी सुभेदार मुलांना घेऊन मुंबईला, परळच्या चाळीत आले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागले. एकदा गुरुजींनी त्यांना गणित सोडवायला फळ्याशी बोलावले. मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले. वर्गात एकच गलका झाला आणि मुलांनी धावत जाऊन आपापले डबे दूर केले. गुरुजींनी सांगितले नव्हते, शिपाईही मध्ये नव्हता. मला साताऱ्याच्या गोणपाटापेक्षा ही धावपळ अधिक बोचते.

संस्कृतचे दारही बंदच होते. फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले.

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले, तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. तोही त्याच वर्षी मागे घेतला गेला. प्रकरण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये.