ऑस्कर चिर्की

ऑस्कर चिर्की (२८ सप्टेंबर १८६६ – ६ नोव्हेंबर १९५०) हे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले अमेरिकन हॉटेल-व्यावसायिक होते. ‘ऑस्कर ऑफ द वॉल्डॉर्फ’ या नावाने ते प्रसिद्ध आहेत. न्यू यॉर्कमधील वॉल्डॉर्फ (पुढे वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया) या हॉटेलात १८९३ ते १९४३ अशी पन्नास वर्षे त्यांनी नोकरी केली. ‘मेत्र दोतेल’, म्हणजे भोजनगृहाचा प्रमुख, या पदामुळे त्यांचे नाव झाले. वॉल्डॉर्फ सॅलड या पदार्थामुळे त्यांना पुष्कळदा आचारी समजले जाते. वस्तुतः त्यांची कारकीर्द भटारखान्यात नव्हे, तर भोजनगृहात घडली.

प्रारंभिक जीवन

चिर्की यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या गावी झाला. १८८३ मध्ये ते आईसह न्यू यॉर्कला आले आणि हॉफमन हाऊस या हॉटेलात ‘बसबॉय’ म्हणून कामाला लागले. उष्टी ताटे उचलणे, टेबल पुसणे, पाण्याचे पेले भरणे ही बसबॉयची कामे. मराठी मुलुखातील हॉटेलांत फडके घेऊन वावरणारा पोऱ्या हेच काम करतो. भोजनगृहाच्या उतरंडीतील ही सर्वांत खालची पायरी होय. तेथून ते वेटर झाले.

पुढे ते डेल्मोनिको या त्या काळी अमेरिकेत सर्वाधिक नावाजलेल्या उपाहारगृहात रुजू झाले. तेथे धनिक कुटुंबांच्या खासगी मेजवान्यांची व्यवस्था त्यांच्याकडे आली. कोणाला कोणती जागा आवडते, कोणाला कोणाशेजारी बसवू नये, कोणता पदार्थ कोणाला चालत नाही, हे सारे ध्यानात ठेवण्याची सवय त्यांना येथेच लागली.

वॉल्डॉर्फमधील कारकीर्द

विल्यम वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टर यांनी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर उभारलेले वॉल्डॉर्फ हॉटेल मार्च १८९३ मध्ये सुरू झाले. व्यवस्थापक जॉर्ज बोल्ट यांनी चिर्की यांना प्रारंभापासूनच सेवेत घेतले. डेल्मोनिकोच्या प्रतिष्ठित ग्राहकांच्या सह्यांचे शिफारसपत्र त्यांनी सोबत आणले होते. १८९७ मध्ये शेजारीच अ‍ॅस्टोरिया हॉटेल उघडले आणि दोन्ही मिळून वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया झाले. चिर्की हे आडनाव अमेरिकनांच्या जिभेवर सहज बसत नसल्याने ग्राहक त्यांना केवळ ऑस्कर म्हणत.

पदाचे स्वरूप

‘मेत्र दोतेल’ ही मूळची फ्रेंच उमराव घराण्यांतील कारभाऱ्याची पदवी. मोठ्या वाड्यातील भोजनाची सारी जबाबदारी त्याच्यावर असे. उपाहारगृहे वाढली तशी ही पदवी तेथे आली. अशा भोजनगृहात बसबॉयच्या वर वेटर, त्याच्या वर काही टेबलांची देखरेख करणारा कॅप्टन आणि या सर्वांवर हेड वेटर किंवा मेत्र दोतेल असे. मद्याची निवड सुचविणारा सोमेलिए हा निराळा जाणकार. मेत्र दोतेल स्वतः ताट क्वचितच उचलतो. पाहुण्यांचे स्वागत करणे, त्यांना जागा देणे, मेजवानीचे पदार्थ ठरविणे आणि भटारखाना व भोजनगृह यांचा मेळ राखणे हे त्याचे मुख्य काम. कोणाला पुढचे टेबल मिळावे आणि कोणाला कोपऱ्यातले, हा निर्णयही त्याच्या हाती असल्याने शहरातील सामाजिक प्रतिष्ठेवर ऑस्कर यांचे वजन पडू लागले.

सॅलड आणि पाकपुस्तक

सफरचंद, सेलरी आणि मेयोनेज यांच्या वॉल्डॉर्फ सॅलडचे श्रेय चिर्की यांना दिले जाते. १८९६ मध्ये त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या, नऊशेहून अधिक पानांच्या पाकपुस्तकात या सॅलडची कृती आढळते. तीत अक्रोड नाहीत, ते पुढे रूढ झाले. चिर्की हे पेशाने आचारी नव्हते. तरीही हॉटेलातील खाद्यपदार्थांची ओळख लोकांना त्यांच्याच नावाने झाली. भटारखान्यात राबणारे आचारी पडद्याआड राहिले आणि पाहुण्यांसमोर उभा राहणारा माणूस पदार्थाचा कर्ता ठरला.

१९१२चा संप

चिर्की यांच्या कीर्तीमुळे सर्वसामान्य वेटरचे जीवन बदलले नाही. तुटपुंजे वेतन, बक्षिसीवरचे अवलंबन, दीर्घ कामाचे तास आणि बारीकसारीक चुकांबद्दल होणारा दंड यांविरुद्ध मे १९१२ मध्ये न्यू यॉर्कमधील हॉटेल कामगारांनी संप पुकारला. त्याची झळ वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरियालाही बसली. आठवड्याची सुट्टी आणि संघटनेला मान्यता या त्यांच्या मागण्यांत होत्या. मालकांनी संघटनेला मान्यता दिली नाही आणि संप मोडला. एकाच भोजनगृहात एका सेवकाचे नाव देशभर गाजत होते आणि बाकीच्यांची नावे शेजारच्या टेबलालाही ठाऊक नव्हती, ही विसंगती या संपाने उघड केली.

मद्यबंदी आणि नवे हॉटेल

जानेवारी १९२० पासून अमेरिकेत मद्यबंदी लागू झाली. मद्यविक्री हा मोठ्या भोजनगृहांच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा आधार होता. तो नाहीसा झाला. श्रीमंत वस्तीही हळूहळू शहराच्या उत्तर भागाकडे सरकली. मे १९२९ मध्ये जुने हॉटेल बंद करून पाडण्यात आले. त्या जागेवर एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहिली. पार्क अ‍ॅव्हेन्यूवरील सत्तेचाळीस मजली नवे वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया १ ऑक्टोबर १९३१ रोजी, मंदीच्या ऐन काळात सुरू झाले. वयाची पासष्टी ओलांडलेले चिर्की तेथेही पाहुण्यांच्या स्वागताला उभे होते.

अखेर आणि वारसा

१९४३ मध्ये चिर्की निवृत्त झाले. त्याच वर्षी कार्ल श्रिफ्टगिसर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. न्यू यॉर्क राज्यातील न्यू पॉल्ट्झ परिसरात त्यांची शेती होती. तेथेच १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. ही मालमत्ता पुढे आचाऱ्यांच्या एका परोपकारी संस्थेकडे आली आणि वृद्ध आचाऱ्यांच्या विसाव्यासाठी वापरली गेली. आयुष्यभर आचाऱ्यांचे श्रेय ज्यांच्या नावावर जमा होत राहिले, त्यांच्या शेतावर अखेर आचाऱ्यांनाच आसरा मिळाला. त्यांनी जमविलेला मेजवान्यांच्या मेनूपत्रिकांचा मोठा संग्रह कॉर्नेल विद्यापीठाकडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन धनिकांच्या पानात काय वाढले जाई, हे अभ्यासकांना त्यातून कळते.