डबक चाळ ते लंडन

बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आम्हा सावरगावच्या पोरांना नागपूरची दीक्षाभूमी आठवते. पण ते जन्मले आपल्याच मध्य प्रदेशात, महूला, १४ एप्रिल १८९१ रोजी. त्यांच्या चरित्रात मला सगळ्यात जास्त भिडते ती अभ्यासासाठी सोसलेली उपासमार.

लहानपणी मुंबईत परळच्या डबक चाळीतली एकच खोली. तिथंच चूल, तिथंच धूर, जवळच जातं आणि बकरी. दिवसा नुसता गलका. म्हणून वडील रामजी रात्री दोनला त्यांना उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. दिव्याच्या उजेडात अभ्यास सुरू.

१९२० साली साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. घरमालकीण सकाळी द्यायची पावाचा तुकडा, जरासा मासा आणि कपभर गरम बोव्रिल. मग थेट ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय. दुपारचं जेवण बहुतेक नाहीच. रात्री भुकेनं पोट कुरतडायला लागलं की ओळखीच्या गृहस्थांनी दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे. परक्या शहरातल्या त्या खोलीत तो वास कसा दरवळला असेल! उन्हाळ्यात अंगणात पापड राखत बसलेल्याला ते सांगावं लागत नाही.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाली, १९२३ मध्ये डी.एस्सी. प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न! इकडे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर ओढत होत्या. त्या पदवीत त्यांचेही उपास आहेत, असं मला वाटतं.