पैठणचे रिलीज मॅनेजर : संत एकनाथ

मित्रहो, सबमिशनची आदली रात्र आठवा. पेनड्राइव्हमध्ये प्रोजेक्टच्या चार फायली असतात : फायनल, फायनल नवीन, फायनल दोन आणि खरंच फायनल. त्यातली चालणारी कोणती, ते कुणालाच ठाऊक नसतं. मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपचं हेच झालं. प्रत्येकाने आपापल्या परीने कोड सुधारला आणि सगळ्यांनी मिळून तो बिघडवला.

सुट्टीत उमरीला आजोबांकडे गेलो, तेव्हा गावात सप्ताह चालू होता. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, त्यामुळे ज्ञानेश्वरी वाचताना अडखळतो. पण एक गोष्ट लक्षात आली. कुणाची पोथी जुनी, कुणाची नवी, तरी पारायणाला बसलेले सगळे एका सुरात वाचत होते. सातशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ आणि त्याच्या चार फायनल कशा झाल्या नाहीत? आजोबांना विचारलं, तर त्यांनी पैठणच्या नाथांचं नाव घेतलं.

एकनाथांचा जन्म पैठणचा, साधारण १५३३ सालचा. संत भानुदासांचे ते पणतू. आईवडील लहानपणीच गेले, आजोबांनी सांभाळलं. पुढे गुरूच्या शोधात ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे आले. स्वामी किल्ल्यावरचे अधिकारी. त्यांच्याकडे नाथ हिशेब लिहीत. एकदा हिशेबात एका पैची चूक निघाली, अशी कथा आहे. नाथ रात्रभर वह्या तपासत बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. रात्री तीन वाजता बग सापडलेल्या माणसाला हा आनंद समजावून सांगावा लागत नाही! स्वामींनी मात्र हीच एकाग्रता देवाच्या ठिकाणी लावायला सांगितली.

पैठणला परतल्यावर नाथांनी संसार केला आणि लिहिलंही भरपूर. भारुडं, गौळणी, अभंग आणि १५७३ साली काशीत पूर्ण केलेलं एकनाथी भागवत. म्हणजे माणूस कवी म्हणून जबरदस्त होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही.

ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. तेव्हा छापखाना नव्हता. ज्याला पोथी हवी त्याने ती हाताने उतरवून घ्यायची. आजच्या भाषेत सांगायचं तर सोर्स सगळ्यांना मोकळा. पण उतरवताना कुणाचा शब्द सुटला, कुणी जुना शब्द कळला नाही म्हणून नवा घातला, कुणी भक्तीच्या भरात स्वतःची ओवीच जोडली. जवळजवळ तीनशे वर्षांत पोथ्यापोथ्यांत फरक पडला.

ज्ञानदेवांनी स्वप्नात येऊन गळ्याला लागलेली अजानवृक्षाची मुळी काढायला सांगितली, म्हणून नाथ आळंदीला गेले, अशी कथा आहे. त्यानंतर त्यांनी हे काम हाती घेतलं. पोथ्या ताडून पाहिल्या, अपपाठ काढले आणि शुद्ध प्रत तयार केली. शके १५०६, म्हणजे १५८४, भाद्रपदातली कपिलाषष्ठी. ही तारीख आणि आपलं नाव त्यांनी शेवटी नोंदवलं. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरामुळे बिघडला होता, म्हणून दुरुस्त केला, हेही लिहिलं. आणि एक नियम घातला : यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये. घातली तर ती अमृताच्या ताटात ठेवलेल्या नरोटीसारखी होईल.

ओपन सोर्स प्रोजेक्टचा रिलीज याहून वेगळा काय असतो? सगळ्या प्रती गोळा करा, फरक तपासा, चुका काढा, नवीन फीचर थांबवा, तारीख टाका, काय बदललं आणि का ते लिहा, मग जाहीर करा. यातलं अवघड काम एकच, थांबणं. नाथांना ज्ञानेश्वरीत चार सुंदर ओव्या घालणं काय कठीण होतं? पण जे काम दुसऱ्याचं, ते दुसऱ्याचंच ठेवायचं, हे त्यांनी पाळलं.

तरीही शेवटचा शब्द म्हणून कुणी दार बंद केलं नाही. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी प्रथम छापली. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी नाथांच्या आधीची म्हणून वेगळी प्रत प्रसिद्ध केली. पण ती वेगळी आहे हे सांगून, वेगळ्या नावानिशी. आणि नाथांचं स्वतःचं भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरं राहिलं, ते त्यांचा शिष्य गावबा याने पुरं केलं. पुढे चालवणं वेगळं आणि गुपचूप मिसळणं वेगळं. फाल्गुन वद्य षष्ठीला, १५९९ साली, नाथांनी देह ठेवला. पैठणला त्या दिवशी आजही यात्रा भरते.

सुट्टीनंतर आम्ही ग्रुपमध्ये ठरवलं : प्रत सांभाळणारा एकच, तारीख एकच, त्यानंतर फक्त चुका काढायच्या. त्या तारखेला माझं एक फीचर अर्धवट होतं. दोन रात्री जागून लिहिलेलं. ते बाहेर राहिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सबमिशनच्या दिवशी फाईल एकच होती, आणि ती चालली.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी फाईलला फायनल नाव देण्याआधी एकदा पैठणची आठवण काढा. एवढंच!